एसी मे महिन्यात कोरडा, जुलैत गळका: पाणी कुठून येतं ते आधी बघा

नागपुरात मनीषनगरच्या आमच्या घरी बेडरूममधल्या दीड टनाच्या स्प्लिट एसीने सलग तीन पावसाळे भिंत भिजवली. पहिल्या वर्षी मेकॅनिक आला, जेट पंपाने सगळं धुऊन गेला. वीसेक दिवस बरं चाललं, मग परत टपटप. दुसऱ्या वर्षी दुसरा आला. त्याने गॅसचा दाब मोजायचं गेज लावलं, मान हलवली आणि गॅस भरला. गळती होती तिथेच राहिली, फक्त पैसे गेले. तिसऱ्या वर्षी पोळ्यापर्यंत एसीखालच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटायला लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ईडापीडा घालवायला निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीला गेलो तेव्हा सगळे 'ईडापीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत होते आणि आमची धाकटी मध्येच ओरडली, 'एसीचं पाणी घेऊन जा गे मारबत!' मारबतीने काही ते नेलं नाही.

नेलं ते तिसऱ्या मेकॅनिकने, आणि त्याने एसी उघडलासुद्धा नाही. आधी त्याने दोन प्रश्न विचारले. पाणी नेमकं कुठून पडतं? आणि केव्हा पडतं: मशीन चालू असताना, बंद केल्यावर, की पाऊस आल्यावर? मग तो गच्चीवर गेला, मागच्या भिंतीवरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, मशीनले काही नाही झालं. पाइपाले पोट सुटलं आहे."

त्या पोटाकडे येतोच. आधी एक गोष्ट, जी कळली नाही म्हणून माझी दोन वर्षं वाया गेली: एसीतून पाणी निघणं हा बिघाड नाहीच. एसी खोलीतली हवा थंड कॉइलवरून, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जुडग्यावरून, फिरवतो आणि हवेतला ओलावा त्या कॉइलवर दव होऊन बसतो. स्टीलच्या ग्लासात फ्रिजचं पाणी ओतलं की ग्लास बाहेरून ओला होतो, तोच प्रकार. बिघाड असतो तो पाण्याची वाट चुकण्यात.

आता नागपूरचं वेगळेपण. आपल्याकडे एसीचा खरा मोसम एप्रिल-मे. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि मेअखेरचा नवतपा म्हटलं की ४५ च्या आसपासच्या आकड्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण ही उष्णता कोरडी असते. मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार होतं आणि कुलर खोली थंड करतो, ते हवा कोरडी असते म्हणूनच. ४५ अंशांच्या हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर तिला दव पडायला साधारण १२ अंशांचा थंडावा लागतो. एसीची कॉइल त्याच्याच आसपास असते, म्हणून पाणी जेमतेम सुटतं. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की हवा २६ अंशांवरच पाणी सोडायला लागते. मग तोच एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो. माठ गार होत नाही, कुलर नुसता चिकचिक करतो, आणि एसीच्या पाइपाची परीक्षा सुरू होते.

म्हणजे मार्चमध्ये चोंदलेला पाइप मेमध्ये कळत नाही. थेंबभर पाणी कसंबसं वाट काढतं. मृगाचा पाऊस झाला की मग भिंत ओली. लोक म्हणतात, 'काल तर चांगला चालला होता.' काल पाणीच नव्हतं, एवढंच.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा एसी मात्र मेमध्येच गळायचा. त्यांनी मला बोलावलं तेव्हा हॉलमध्ये भला मोठा कुलर धडधडत होता आणि बेडरूमचं दार अर्धं उघडं. कुलरची सगळी ओली हवा एसीच्या खोलीत जात होती. एसी ती हवा वाळवत बसायचा आणि झडपेच्या पात्यांवर दव जमून थेंब पलंगावर पडायचे. दार बंद केलं, थेंब थांबले. काकू म्हणाल्या, "बाप्पा, म्हणजे मी दोघांची भांडणं लावून राहिली होती!" तर एसीच्या खोलीत कुलरची हवा येऊ देऊ नका. दोन्ही चालवून गारवा दुप्पट होत नाही, वीजबिल मात्र होतं.

हात लावण्याआधी

रिमोटने बंद केलेल्या एसीत करंट असतोच. एमसीबी पाडा, मग हात लावा. पाणी स्विचबोर्डावर किंवा सॉकेटवर उतरत असेल तर काही तपासत बसू नका, मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गळती बिनधोक असते, ओली वायर नसते.

मग टॉर्च घेऊन एसीखाली उभे राहा, दहा मिनिटं. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धं निदान यातच होतं. त्याच वेळी घरातलं कुणीतरी मागच्या भिंतीपाशी जाऊन ड्रेन पाइपाच्या तोंडाकडे बघत असलं पाहिजे. आत गळतंय आणि बाहेर कोरडं ठणठणीत, तर पाइप चोंदला आहे असं समजा. आत गळतंय आणि बाहेरही धार चालू आहे, तर पाइप बराचसा मोकळा आहे; दोष मशीनच्या तिरपेपणात, फुटलेल्या ट्रेमध्ये किंवा तांब्याच्या पाइपावरच्या उघड्या पडलेल्या रबरात असेल. एसी चालू असताना काही नाही आणि बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी धो धो, तर कॉइलवर बर्फ जमतो आहे. आणि एसी दिवसभर बंद, तरी पाऊस आला की भिंत ओली, तर त्यात एसीचा काहीच दोष नाही. पाइपासाठी भिंतीला पाडलेलं भोक आतल्या बाजूला उतरतं ठेवलं असेल आणि पावसाचं पाणी त्यातून येत असेल. पुट्टीने भोक बाहेरून बुजवा आणि भोकात शिरण्याआधी पाइपांना खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतील.

चोंदलेला पाइप, आणि पोट सुटलेला पाइप

सगळ्यात जास्त वेळा दुखणं इथेच असतं, म्हणून जरा सविस्तर.

कॉइलच्या खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे असतो. त्याच्या कोपऱ्यातून बोटाएवढा जाड पाइप भिंतीबाहेर जातो. यात पंप वगैरे काही नाही, पाणी फक्त उताराने जातं. ट्रे इतका उथळ की मागून पाण्याचा जोरही मिळत नाही. त्यामुळे वाटेत जरा चढ आला, जरा गाळ साचला, की ट्रे भरतो आणि पुढच्या कडेवरून पाणी खोलीत.

गाळ येतो कुठून? जाळीतून सुटलेली धूळ ओल्या कॉइलला चिकटते, पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरते आणि तिथे बुळबुळीत, शेवाळासारखा थर धरते. आपल्या शहरात कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतोच, त्यामुळे धुळीला तोटा नाही. आणखी एक करामत कुंभारमाशीची. थंडीत एसी चार महिने बंद असतो. बाहेर लटकणारं पाइपाचं कोरडं तोंड तिला आयतं बीळ मिळतं आणि ती त्यात मातीचं घर बांधते. आमच्या पाइपातून तार घालून काढलेली माती वाळून खडा झाली होती.

तपासायची सोपी रीत: एमसीबी पाडा, पुढचं झाकण उचला, दोन्ही जाळ्या काढा. अर्धा लिटर साधं पाणी बाटलीने कॉइलच्या तोंडावर हळूहळू सोडा. ते खाली ट्रेमध्ये उतरतं. बहुतेक मशिनांत उजव्या बाजूला विजेचा भाग असतो, तिकडे थेंबही जाऊ देऊ नका. मिनिटाभरात बाहेरच्या तोंडातून पाणी यायला हवं. आलं नाही, किंवा थांबून थांबून गुडगुड करत आलं, तर वाट अडली आहे.

मोकळी करायची तर बाहेरच्या तोंडाने ओढा, आतून ढकलू नका. ओलं ओढणारा व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याच्या नळीभोवती फडकं गुंडाळून पाइपाच्या तोंडाला घट्ट धरा आणि दोन मिनिटं चालवा. काळा गाळ निघेल, किळस येईल, चालू द्या. सायकलच्या पंपाने बाहेरून हवा मारणारे बरेच आहेत. मीही मारली आहे, आणि ट्रेमधला सगळा गाळ ब्लोअरवर, म्हणजे हवा फेकणाऱ्या आतल्या पंख्यावर, उडवून घेतला आहे. तुम्ही ती चूक करू नका. शेवटी कपभर पांढरं व्हिनेगर ट्रेच्या बाजूने सोडून अर्ध्या तासाने साध्या पाण्याने धुवा. अॅसिड नको, बाथरूमचं क्लीनर नको. कॉइलची अॅल्युमिनियमची पाती कागदासारखी असतात, ती खाऊन टाकतात.

एवढं करून गळती थांबते. पण महिन्याभराने परत येत असेल, जशी माझी यायची, तर पाइप साफ करत बसू नका, पाइपाचा रस्ता बघा. आमचा पन्हाळीदार लवचिक पाइप मागच्या भिंतीवर दोन मीटर आडवा गेला होता, आणि उन्हाने मऊ पडून मध्ये खाली लोंबकळत होता. हेच ते पोट. त्या पोटात कायम पाणी साचायचं, पाण्यात गाळ बसायचा. जेट पंपाने धुतलं की पोट रिकामं, वीस दिवसांत पुन्हा भरलं. पहिल्या मेकॅनिकने काम वाईट केलं नव्हतं. त्याने फक्त रोग सोडून ताप उतरवला.

आणि आता माझा स्वतःचा गुन्हा. एसीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी पाइपाचं तोंड तुळशीजवळच्या बादलीत सोडलं होतं. बादली अर्धी भरली की तोंड पाण्यात बुडायचं. एका बाजूला पोटातलं पाणी, दुसऱ्या बाजूला बादलीतलं, मध्ये हवा अडकलेली. ट्रेमधल्या बोटभर पाण्याच्या जोराने ती हवा हलत नाही. म्हणूनच आमच्याकडे गळती हटकून पहाटे तीन-चारला सुरू व्हायची: रात्री दहाला लावलेल्या एसीने तोवर बादली भरलेली असायची. तीन वर्षं मी या वेळेला मशीनची लहर समजत होतो.

इलाज साधा निघाला. आडवा लवचिक भाग काढून पाऊण इंची पीव्हीसी पाइप टाकला, मीटरमागे निदान एक सेंटीमीटर उतार दिला, दर दोन फुटांवर क्लॅम्प मारला. बादली ठेवली आहे, पण पाइपाचं तोंड तिच्या काठापेक्षा वर. पाणी झाडांना, फरशीला खुशाल वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र टाकू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी ते कॉइलवरची धूळ धुऊन आलेलं असतं.

नव्या फ्लॅटमध्ये ड्रेन पाइप भिंतीतून किंवा पीओपीच्या वरून नेलेले असतात. तिथे पोट दिसत नाही, ताबा घेण्याआधी बाटलीची परीक्षा प्रत्येक खोलीत करून घ्या. काही ठिकाणी हा पाइप गच्चीच्या पावसाळी पाइपाला जोडून देतात. मोठा पाऊस आला की पावसाळी पाइप तुंबतो आणि गच्चीचं पाणी एसीतून घरात येतं. तिथे एसीवाल्याला बोलावून उपयोग नाही, प्लंबरला बोलवा.

बर्फ

एसी बंद केल्यावर पाणी येत असेल तर झाकण उघडून कॉइल बघा. पांढरा थर दिसला तर कूलिंग लगेच बंद करा, नुसता फॅन मोड चालवून दोन-तीन तास बर्फ वितळू द्या, खाली परात ठेवा. चाकू, चमचा, स्क्रू-ड्रायव्हर काही लावायचं नाही.

बर्फ जमण्याची कारणं मुख्यतः दोन. पहिलं, कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. जाळी धुळीने गच्च, किंवा आतल्या लांब गोल ब्लोअरच्या पात्यांत मळ भरलेला. जाळी मोसमात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. याला मेकॅनिक लागत नाही. ब्लोअरला लागतो. झडपेतून हवेबरोबर बारीक शिंतोडे उडत असतील तरी बहुतेक ब्लोअरच मळलेला असतो.

दुसरं कारण गॅस कमी असणं, आणि इथेच ग्राहक कापला जातो. गॅस काही स्कूटरच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांत तोच तो वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी सुटला आहे. म्हणून 'गॅस कमी आहे' म्हणणाऱ्याला विचारा: सुटला कुठून? जोडाच्या नटांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले का? नायट्रोजन भरून प्रेशर टिकतं का पाहिलं? या प्रश्नांना उत्तर नसेल तर भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत जाणार. काही एसींत भरलेला आर-४१०ए हा गॅस दोन वायूंचं मिश्रण आहे, त्यामुळे नुसतं अंदाजे 'टॉपअप' करण्यापेक्षा उरलेला काढून वजनावर पूर्ण भरणं बरं. हल्लीच्या बहुतेक घरगुती मशिनांत असणारा आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा गॅस भरतेवेळी खिडक्या उघड्या, आणि जवळ देवघरातला दिवासुद्धा नको.

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या मेकॅनिकने यातलं काही केलं नव्हतं. कॉइलवर बर्फही नव्हता. बर्फ नाही, गारवा व्यवस्थित, बाहेरचं मशीन गरम हवा फेकतंय, तर पाण्यासाठी गॅसला दोष देण्यात अर्थ नाही. हे तेव्हा माहीत असतं तर!

उरलेली किरकोळ

एसी तिरपा बसला असेल तर पाणी ड्रेनच्या उलट्या कोपऱ्यात साचतं. पाणसळ ठेवून बघा. मशीन सरळ असावं किंवा ड्रेनच्या बाजूला अगदी किंचित उतरतं. दिवाळीच्या रंगरंगोटीत एसी काढून परत लावला असेल तर ही शंका आधी घ्या. तांब्याच्या पाइपावरचं काळं रबर फाटलं असेल तर त्या जागी घाम सुटतो आणि भिंतीत ओल उतरते. रबर बदला, नुसती टेप गुंडाळू नका. ट्रेला तडा गेला असेल तर एमसीलने काही दिवस निघतात, पुढे ट्रे बदलावाच लागतो. जुन्या खिडकीच्या एसीचं गणित वेगळं आहे: तो बाहेरच्या बाजूला थोडा उतरता बसवलेला असला पाहिजे, आणि मागून थोडं पाणी उडण्याचा आवाज येणं त्यात ठीक असतं.

माझा भाचा अमेरिकेत मिनियापोलिसला असतो. तिकडे घर तापवायची फर्नेस तळघरात आणि एसीची कॉइल बहुतेक तिच्या डोक्यावर, एकाच धातूच्या पेटीत. जुलैत त्याने फोटो पाठवला, 'मामा, फर्नेस गळते आहे.' उन्हाळ्यात बंद असलेली फर्नेस कशाला गळेल? वरच्या कॉइलचा ड्रेन तुंबला होता, दुखणं माझंच. पण तिकडे हिवाळ्यातही पाणी येऊ शकतं. जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये इंधनाचा गॅस जळून तयार झालेली वाफ आतच थंड होऊन पाणी बनते, आणि त्या पाण्यालाही नळी असते, जी तुंबते. भाच्याच्या घरी ट्रेमध्ये एक तरंगता स्विच आहे. पाणी चढलं की मशीन आपोआप बंद. आपल्याकडच्या छतातल्या कॅसेट एसीतही तसा स्विच असतो, भिंतीवरच्या साध्या स्प्लिटला तो सहसा नसतो. आपला तरंगता स्विच म्हणजे पहाटे पाण्यात पाय पडलेला माणूस.

मेकॅनिकला फोन करताना 'एसी गळतो' एवढंच सांगू नका. पाणी कुठल्या कोपऱ्यातून पडतं, सुरू केल्यावर किती वेळाने, बाहेरचं तोंड वाहतं की नाही, कॉइलवर बर्फ आहे की नाही, हे सांगा आणि बाहेरच्या पाइपाचा फोटो पाठवा. चांगला मेकॅनिक हे ऐकून खूश होतो. जो ऐकून न घेता 'गॅस असेल' म्हणतो, त्याला मी आता चहा पाजून परत पाठवतो.

मी होळी झाली की माळ्यावरून कुलर उतरवतो त्याच दिवशी एसीत बाटलीभर पाणी ओतून बघतो, आणि मृगाच्या आधी पुन्हा एकदा. दिवाळीनंतर एसी बंद केला की पाइपाच्या तोंडाला कुंभारमाशीसाठी जाळी बांधतो. पहिल्या वर्षी मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि मार्चमध्ये काढायला विसरलो, तर त्या बारीक जाळीतच गाळ अडकून जूनमध्ये पाणी आत आलं. आता मोठ्या भोकांची प्लास्टिकची जाळी वापरतो, आणि ती काढल्याशिवाय एमसीबी वर करत नाही.